डिसेंबरातला देखावा

ऑकलंडला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. रात्रीचे साडेआठ वाजले तरी आभाळातला उजेड जायचं नाव घेत नाही. मुलं अनवाणी हिंडतात, शेजारच्या परसातून बार्बेक्यूचा धूर येतो, बाजारात स्ट्रॉबेरी स्वस्त झालेली असते. आणि याच दिवसांत क्वीन स्ट्रीटवरच्या एका जुन्या दुकानाच्या काचांआड बर्फ पडलेला असायचा. पांढराशुभ्र, कापसाचा. त्यात छोट्या छोट्या बाहुल्या माना हलवायच्या, हात वर करायच्या, गोल गोल फिरायच्या. फुटपाथवर उन्हाच्या टोप्या घातलेली मुलं काचेला नाक लावून उभी असायची.

ते दुकान म्हणजे स्मिथ अँड कॉघीज. आयर्लंडहून आलेल्या मारिअॅन स्मिथ नावाच्या बाईनं 1880 मध्ये ते कापडाचं दुकान म्हणून सुरू केलं. पुढे तिचा भाऊ अँड्र्यू कॉघी येऊन मिळाला आणि दोघांची आडनावं पाटीवर आली. समुद्र ओलांडून परक्या गावात आलेल्या एका बाईनं मांडलेलं हे दुकान, म्हणून मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी. नाताळात बाहेरच्या काचा सजायच्या आणि आत मुलांसाठी सांताची गुहा मांडली जायची. इथल्या कित्येक घरांत आजीनं लहानपणी पाहिलेल्या काचा आता नातवंडांना दाखवायची रीत होती.

आमच्या घरात अशी आजी नव्हती. आमची आजी पुण्यात. त्यामुळे करोनाच्या आधीच्या एका डिसेंबरात आई इथे आली, तेव्हा लेकीनं ठरवून टाकलं की आजीला गुहा दाखवायचीच. आई सकाळी लवकर उठून तयार. धर्मवरम साडी, पायात बूट, पर्समध्ये खाऊची पुडी. मी म्हटलं, "आई, दुकानात जायचंय फक्त." ती म्हणाली, "सणाचं बघायला जायचं ना? मग?"

तिचंच बरोबर होतं.

रांग होती. पुढे सामोअन कुटुंब, तीन पिढ्यांचं, आजीच्या केसांत फूल. मागे एक चिनी जोडपं आणि बाबागाडीत झोपलेलं बाळ. त्यांच्यामागे दोन माओरी बहिणी आपापल्या मुलांना आवरत उभ्या. सांताला माओरीत हाना कोको म्हणतात. त्यांच्यातला धाकटा मुलगा ते नाव पुन्हा पुन्हा घेत होता. रांगेत नेहमी होतं तसंच झालं. आईनं खाऊची पुडी उघडली, पुढच्या सामोअन आजीला बेसनाचा लाडू दिला, तिनं तो अर्धा करून नातवाला भरवला, आणि दोघींचं काहीतरी सुरू झालं. आईचं इंग्रजी जेमतेम, तिचंही फार नसावं. गुडघे हा विषय मात्र दोघींना पुरला.

मग आत. अंधार, वळणावळणाची वाट, थंड हवा, रंगीत दिवे. दोन्ही बाजूंना हलणारी माणसं, प्राणी, झाडं. लेक माझा हात सोडून आजीचा धरून पुढे गेली. मी मागून पाहत होते. आई एका जागी थांबली, बराच वेळ बघत राहिली आणि मराठीत, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "अगं, हा तर हलता देखावा!"

त्या क्षणी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण इतकी वर्षं मी ज्या गोष्टीकडे परकी म्हणून बघत होते, ती माझीच होती. गणपतीत बाबांच्या खांद्यावर बसून पेठांमधून पाहिलेले देखावे. तुळशीबागेपाशी माणसांच्या रेट्यात अडकून, टाचा उंचावून पाहिलेली चक्रं आणि राक्षस. पडदा वर जायचा, निवेदकाचा घुमणारा आवाज यायचा, पुठ्ठ्याचा आणि कापडाचा तो अजस्र हात हलायचा, आणि आम्ही श्वास रोखायचो. मोटर दिसायची, पट्टा दिसायचा, तरीही. देखाव्यातली जादू फसवणुकीची नसतेच. कुणीतरी आपल्यासाठी एवढं करून ठेवलंय, याची ती जादू असते.

मंडळी म्हणतात, हा सगळा बाजार आहे. सणाच्या नावावर विकायचा धंदा. मी हे इथे ऐकलंय आणि पुण्यातही ऐकलंय. मला ते पटत नाही. आपल्याकडे बाजाराशिवाय कुठली जत्रा झाली? देवळाबाहेर बांगड्यांचं दुकान, पाळणा, रेवड्या नसतील तर त्या जत्रेला कोण लेकरू जाईल? गणपतीच्या देखाव्याला वर्गणी देणारे पहिले कोण, तर पेठेतले दुकानदार. तुळशीबाग तर नावालाच बाग, एरवी बाजारच. दुकानदार आपल्या दारात काही मांडतो आणि ते बघायला पैसे लागत नाहीत, तेव्हा त्या काचेसमोर उभं राहणाऱ्या प्रत्येकाचा तो सण होतो. आमच्यासारख्या नव्यानं आलेल्यांना चर्चची पायरी चढताना संकोच वाटतो, कुणाच्या घरच्या जेवणाचं बोलावणं यायला वर्षं जातात. काचेसमोर मात्र कुणी कुणाला विचारत नाही, तू कुठली.

या शहराला देखाव्याची ओढ जुनीच. फार्मर्स या दुकानानं 1934 पासून सांताची मिरवणूक काढली, मंदीच्या दिवसांत. पुढे 1960 मध्ये त्याच दुकानाच्या इमारतीवर एक महाकाय सांता उभा राहिला, डोळा मिचकावणारा, बोटानं खुणावून बोलावणारा. काहींना ते बोट भीतिदायक वाटायचं. मला वाटतं, रस्त्यावरच्या माणसाला "ये" म्हणणारं बोट या जगात तसं दुर्मीळच.

गुहेतून बाहेर आल्यावर मिशन बेला गेलो. तिथल्या समुद्रकाठच्या रस्त्याला पोहुतुकावाची झाडं आहेत. डिसेंबरात ती लालभडक फुलतात, म्हणून इथे त्यांना न्यूझीलंडचं ख्रिसमस ट्री म्हणतात. आईनं एक फूल हातात घेतलं. पाकळ्या नावापुरत्या, सगळे पुंकेसरच. "जांभळाच्या मोहोराची मोठी बहीण दिसते," ती म्हणाली. घरी येऊन मी शोधलं, तर खरंच, पोहुतुकावा आणि जांभूळ एकाच कुळातले. पेरू आणि लवंगही त्यातलेच.

या देशात नाताळचं पहिलं प्रवचन 25 डिसेंबर 1814 रोजी ओइही इथे सॅम्युअल मार्सडेन या धर्मोपदेशकानं केलं. तेव्हाही उन्हाळाच होता, तेव्हाही पोहुतुकावा फुलला असणार. तरी दोनशे वर्षं लोटली आणि काचांआड कापसाचा बर्फ पडतोच. पूर्वी मला याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही. आम्हीसुद्धा आकाशकंदील लावतो तेव्हा इथे वसंत असतो आणि कंदील लावूनही आठ वाजेपर्यंत अंधाराची वाट बघावी लागते. संक्रांतीला अंगात ऊब यावी म्हणून खायचा तिळगूळ आम्ही जानेवारीच्या उन्हात, घाम पुसत वाटतो. माणूस घर सोडतो, पण आपला ऋतू सोडत नाही. तो कापसाचा करतो, कागदाचा करतो, पण सोबत ठेवतो.

जुलै 2025 मध्ये स्मिथ अँड कॉघीज कायमचं बंद झालं. एकशे पंचेचाळीस वर्षांनी. लोक ऑनलाइन घेतात, मोठमोठ्या मॉलमध्ये जातात, शहराच्या मध्यात येत नाहीत. कारणं सगळ्यांना माहीत आहेत. पुण्यात आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "अगं, मग त्या बाहुल्या कुठे ठेवणार?" तिला इमारतीची काळजी नव्हती.

मॉलमधला सांता चांगलाच असतो, आम्ही तिथेही गेलो. पण तिथे फोटोसाठी वेळ आधी ठरवायची, फोटो काढायचा, निघायचं. रांगेत लाडू वाटायला उसंत नसते. मला ती रांग हवी आहे.

लेक आता मोठी झाली. यंदा तिनंच ठरवलंय की फ्रँकलिन रोडला जायचं. तिथे घराघरांतले लोक आपापल्या दारात, आपल्या खर्चानं दिवे लावतात आणि सगळं शहर पायी बघायला येतं. अंधार नऊनंतरच पडेल, तोवर रस्त्यात नुसतं उभं राहावं लागेल, असं तिनं मला बजावलंय. बेसन भाजायला घेतलंय. या खेपेला दुप्पट.