मेजिबिझहून उमानकडे

मेजिबिझपासून दक्षिण बुग नदीचं खोरं धरून ब्रातस्लावला यायचं आणि तिथून पूर्वेला उमान गाठायचं, हा युक्रेनमधला मार्ग मी मुद्दाम निवडला. कारण रब्बी नाख्मान यांचं आयुष्य याच क्रमानं सरकलं. ज्यू धर्मातल्या हसिदी पंथाचे प्रवर्तक बाल शेम तोव हे त्यांचे पणजोबा. बाल शेम तोव यांची कबर मेजिबिझला आहे आणि १७७२ मध्ये नाख्मान जन्मले तेही इथेच. कायम आनंदात राहणं हे मोठं धर्मकर्तव्य, निराश व्हायची माणसाला मुभाच नाही, ही त्यांची शिकवण. सुखात वाढलेल्या माणसाची वाटावी अशी. पण ब्रातस्लावला पोचल्यावर तसं वाटत नाही. नदीकाठच्या दफनभूमीत त्यांचे बोल लिहून ठेवणारे शिष्य नाथान विसावले आहेत. इथल्या वास्तव्याच्या काळातच १८०६ मध्ये नाख्मान यांचा लहानगा मुलगा गेला, पुढच्या वर्षी पत्नी गेली, मग क्षयानं गाठलं, १८१० मध्ये घर जळालं. त्याच वर्षी ते उमानला आले आणि ३८व्या वर्षी तिथेच वारले. तिथल्या १७६८च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या हजारो ज्यूंच्या सोबतीनं आपल्याला पुरावं, अशी त्यांची इच्छा होती.

म्हणून मला वाटतं, आनंदाची ही आज्ञा दुःख नाकारत नाही. ती दुःखाला वाचा देते आणि त्याची वेळ ठरवून देते. मोडलेलं मन आणि खिन्नता यांत नाख्मान स्पष्ट फरक करत. मोडलेलं मन देवाशी बोलतं, रडतं आणि पुन्हा उभं राहतं. खिन्नता आतल्या आत कुढते. रोज तासभर एकांतात, जमलं तर रानात जाऊन, घरच्या बोलीत देवापुढे सगळं ओतावं आणि उरलेला दिवस आनंदात काढावा, असं ते सांगत. ज्यू शोकविधींची घडणही अशीच आहे: सात दिवस घरात बसणं, तीस दिवस निर्बंध, आईवडिलांसाठी बारा महिने, त्यापुढे शोक लांबवायचा नाही. उमानच्या समाधीपाशी भाविक जी दहा स्तोत्रं म्हणतात ती नाख्मान यांनीच निवडलेली. त्यांतलं ४२वं तळमळीचं, ७७वं झोप उडालेल्या माणसाचं, १३७वं परमुलखात नदीकाठी रडणाऱ्यांचं. निव्वळ स्तुतीचं १५०वं सगळ्यांत शेवटी येतं.

ज्याला अंथरुणातून उठवत नाही त्याला आनंदाचं कर्तव्य सांगणं म्हणजे दुःखावर अपराधाचं ओझं चढवणं, हा आक्षेप रास्त आहे. पण नाख्मान अशा माणसाकडून फार थोडं मागतात: स्वतःत एक तरी चांगली गोष्ट शोध, तीही डागाळलेली वाटली तर तिच्यातला चांगला कण शोध. पडलेल्या माणसाची ओळख असल्याशिवाय मागणी इतकी लहान करता येत नाही. दुसरा आक्षेप मात्र मला मान्यच करावा लागतो. उपचारांसाठी लव्हिवला जाऊन आलेले नाख्मान वैद्यांविषयी फार कडवट बोलत, आणि नैराश्यानं आजारी असलेल्यानं ते मुळीच ऐकू नये. त्यासाठी परंपरा सोडावी लागत नाही. बाराव्या शतकातले धर्मशास्त्री मैमोनिदेस स्वतः वैद्य होते. शरीरानं आजारी माणूस वैद्याकडे जातो तसं मनानं आजारी असलेल्यानं जाणत्याकडे जावं, असं त्यांनी लिहून ठेवलं. जीव वाचवण्यासाठी शब्बाथचे, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या पवित्र दिवसाचे, नियमही मोडावेत, असं खुद्द धर्मशास्त्र सांगतं. ज्यू नववर्षाला हजारो लोक उमानला येतात, २०२२ नंतरच्या युद्धातही येत राहिले. त्यांतल्या ज्यांना नैराश्यावरच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी त्या सोबत आणाव्यात आणि सणातही घ्याव्यात.