बर्फातील बिऱ्हाड

पुण्याच्या थंडीतही दुसरी रजई शोधणाऱ्या आम्हांस ध्रुवप्रदेशांतील प्रवासवृत्ते वाचण्याचे व्यसन आहे. त्यांतील पराक्रमापेक्षा आमचे लक्ष घरांकडे अधिक जाते. जेथे आडोशाला एक झाडही नाही, तेथे माणूस आपले बिऱ्हाड राखतो तरी कसे?

पहिला शत्रू बाहेरचा. १९०२ साली स्कॉटच्या मंडळींनी अंटार्क्टिकात एक लाकडी झोपडी उभारली. १९११ मध्ये तो तेथे परत गेला, तेव्हा मधल्या काळात उघडी राहिलेल्या एका खिडकीमुळे आतील जागा गोठलेल्या हिमाने भरून गेली होती. वारा पिठासारखे हिम आत ओततो आणि पुढे त्याचा दगड होतो. आपले 'दक्षिण गंगोत्री' स्थानक १९८३-८४ मध्ये बर्फाच्या थरावर बांधले गेले. ते हळूहळू हिमाखाली गाडले जाऊ लागले व १९९० मध्ये सोडावे लागले. त्यानंतरचे 'मैत्री' खडकाळ भूमीवर, खांबांवर उभे केले. वाऱ्यास घराखालून वाट दिली म्हणजे तो हिम घेऊन पुढे जातो. अडविला तर ओझे तेथेच टाकतो.

एवढ्यावरून सारी दारे लावून बसावे, असे कोणास वाटेल. परंतु दुसरा शत्रू आतला आहे, आणि तो आपणच निर्माण करतो. १९११ च्या ऐन हिवाळ्यात स्कॉटचे तिघे सोबती पेंग्विनची अंडी आणावयास गेले. पाच आठवड्यांत त्यांच्या झोपण्याच्या पिशव्या त्यांच्याच श्वासाच्या व घामाच्या बर्फाने सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही जड झाल्या. बर्फाचे घर बांधणारे इन्युइट लोक माथ्यावर लहानसे भोक ठेवीत, ते उगीच नव्हे. त्यातून श्वास बाहेर जाई आणि दिव्याचा धूरही.

आमच्या घरी या प्रश्नावर दोन पक्ष आहेत: आम्ही खिडक्या लावणारे, सौभाग्यवती उघडणाऱ्या. त्यांच्या बाजूस आता इन्युइटांची साक्ष मिळाली आहे. शिवाय पन्नाशी उलटलेल्या आमच्या स्नेह्यांकडे पाहिले म्हणजे त्यांचे म्हणणे अधिकच पटते. नव्या विचाराची झुळूक आली की ही मंडळी पडशाच्या भीतीने दार लावतात. मग त्यांचीच जुनी वाक्ये खोलीत फिरतात आणि भिंतींवर गोठून बसतात. तेथे फार वेळ बसवत नाही.

हल्ली आमच्या अभ्यासिकेची एक खिडकी रात्रीही किलकिली असते. खुर्ची मात्र आम्ही भिंतीकडे सरकवून घेतली आहे.