बिनदांड्याची सायकल

माझ्या आणि माझ्या सायकलीच्या मैत्रीला पस्तीस वर्षे झाली होती. तिच्यावर बसून मी सांगलीच्या शाळेत शिक्षक म्हणून गेलो, तिच्यावर बसूनच मुख्याध्यापक झालो, आणि निवृत्तीनंतर साताऱ्यास वडिलार्जित घरी राहावयास आलो तेव्हा सामानाच्या ट्रकवर सर्वांत उंच जागी तीच विराजमान झाली होती. परंतु मैत्री कितीही जुनी असली तरी माणसाचे गुडघे तिच्याहून जुने असतात. गेल्या वर्षी एके सकाळी मंडईतून भाजी घेऊन निघालो. नित्याप्रमाणे उजवा पाय मागून उचलला आणि सीटवरून पलीकडे नेऊ लागलो, तोच गुडघ्याने मध्येच असहकार पुकारला. दुसऱ्या क्षणी मी एकीकडे, सायकल दुसरीकडे आणि पिशवीतली वांगी उताराने थेट पोवई नाक्याच्या दिशेने! एका भल्या गृहस्थाने मला उठविले. वांगी मात्र कोणी परत आणून दिली नाहीत.

डॉक्टर म्हणाले, "सायकल सोडू नका, गुरुजी, तिने गुडघा हलता राहतो. फक्त तिच्यावर टांग टाकणे सोडा." टांग न टाकता सायकलीवर बसावे कसे, हे मला कळेना. सायकल अंगणात उभी राहिली आणि मी घरात बसून राहिलो. या दोघांपैकी कोणावर अधिक गंज चढला, ते सांगणे कठीण आहे.

दिवाळीस सांगलीला मुलाकडे गेलो. सूनबाई शाळेत शिक्षिका आहेत. त्यांच्या दारात एक सायकल उभी होती. सीट रुंद व गुबगुबीत, हँडल बैलाच्या शिंगांसारखे मागे वळलेले, टायर जाडजूड, आणि मधला दांडा आडवा असण्याऐवजी पाटाच्या पाण्यासारखा खाली वाकलेला. मागच्या चाकाच्या मध्यभागी डबीएवढी मोटर आणि दांड्यावर विजेरीचा पेटारा. "बाबा, घेऊन पाहा ना एकदा! नुसता पाय पलीकडे टाकायचा आणि बसायचे," सूनबाई म्हणाल्या.

मी म्हणालो, "नको. ती लेडीज सायकल आहे."

शब्द तोंडातून गेले मात्र, आणि मला पन्नास वर्षांपूर्वीचा एक मुलगा आठवला. आमच्या वर्गात होता. त्याच्या घरी एकच सायकल होती, आणि ती होती त्याच्या मोठ्या बहिणीची. तिचे लग्न झाल्यावर तो ती घेऊन शाळेत येऊ लागला. आम्ही पोरे फाटकापाशी उभे राहून घंटा वाजवीत असू आणि "ताई आल्या, ताई आल्या!" म्हणून ओरडत असू. हे 'ताई' नाव त्याला कोणी ठेवले होते, हे इतरांना आठवत नसेल. मला आठवते, कारण ते मीच ठेवले होते. पंधरा दिवसांनी तो सायकल घरी ठेवून पायी येऊ लागला. त्याचे घर शाळेपासून चार मैल लांब होते. पावसाळ्यात तो भिजून यायचा आणि मागच्या बाकावर कुडकुडत बसायचा. पुढे त्याने शाळा सोडली, ती कोणत्या कारणाने, हे मी कधी विचारले नाही.

मी मुकाट्याने सूनबाईंकडून किल्ली घेतली.

पहाटे रस्ते मोकळे असताना हरिपूरच्या वाटेला लागलो. पायडल अर्धे फिरले न फिरले, तोच मागून कोणीतरी पाठीला हळूच हात लावून ढकलावे तसे वाटले. लहानपणी वडील असेच सीट धरून मागून धावत असत! मान वळवून पाहिले; अर्थात मागे कोणी नव्हते. पाय फिरवायचे थांबले की तो हातही निघून जाई, आणि ब्रेक दाबताच मोटर आपोआप बंद पडे. सरळ पाठीने, राजासारखे बसून मी संगमेश्वराच्या देवळापर्यंत पोहोचलो. येथे वारणा कृष्णेला मिळते. याच हरिपूरच्या भूमीत पूर्वी हळद साठविण्याची पेवे होती. २००५च्या महापुराने त्यांतली पुष्कळ निकामी केली. नदीच्या काठी उभा राहून मी कितीतरी वेळ पाण्याकडे पाहत होतो. वर्षभरात स्वतःच्या पायांनी इतका लांब मी प्रथमच आलो होतो.

पाठीला लागणारा तो हात कोणाचा, हे सांगावयास हवे. १८२१ साली लंडनमध्ये मायकेल फॅरेडेने वीज वाहणारी तार लोहचुंबकाभोवती फिरत राहते, हे दाखविले. हा फॅरेडे मूळचा पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानातील उमेदवार. बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शास्त्रज्ञ झाला! आज चाकातल्या मोटरीत तांब्याच्या तारेची वेटोळी आणि चुंबक असतात, आणि त्यांच्या ओढाताणीतून चाक फिरते. आपल्याकडचा एक योगायोगही मला मोठा गमतीचा वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींचे दुकान काढले. त्यांनीच पुढे १९१० साली आजच्या सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसविली, आणि १९४६ साली त्या घराण्याने बंगळूरला विजेच्या मोटारींचा कारखाना काढला. सायकल आणि मोटर एकाच घरात नांदत होत्या; त्यांचा विवाह लागण्यास मात्र बराच काळ जावा लागला.

तथापि, मी शिक्षक. एका उत्तरावरून सारी वही तपासल्याचा शेरा मी कधी मारला नाही. सांगली सपाट, तेथे वारा अनुकूल असला की साधी सायकलही उडते. साताऱ्याचे तसे नाही. आमचे घर समर्थ मंदिराच्या बाजूस, म्हणजे गावाच्या चढावर. कृष्णा साताऱ्याहून सांगलीकडे उतरत जाते. मला सायकल उलट दिशेने आणावयाची होती.

साताऱ्यातील एका दुकानात तशाच बांध्याची सायकल सत्तावीस हजारांस होती. दुकानदार म्हणाला, "गुरुजी, एकदा विजेवर लावली की चाळीस किलोमीटर बघायला नको! लायसन नको, नंबर नको." यातले दुसरे खरे होते. मोटरीची शक्ती २५० वॅटच्या आत आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असला, की कायदा तिला मोटारगाडी समजत नाही. पहिल्याविषयी मी म्हणालो, "एक दिवस द्या. मी परीक्षा घेऊन सांगतो."

परीक्षेचे केंद्र निवडले संगम माहुली. येथे वेण्णा कृष्णेला मिळते, आणि निःस्पृह न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे हे माहुलीचेच. निवाडा द्यावयास याहून योग्य स्थळ कोणते? जाताना उतारच उतार; मोटर बंद ठेवली. घाटावर बसून वही काढली. विजेरी ३६ व्होल्टची व साडेसात अँपिअर-तासांची. गुणाकार केला, २७० वॅट-तास. आपल्या घरी येणाऱ्या वीजबिलातले एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास. म्हणजे भरताना वाया जाणारी वीज धरली तरी एका भरणीस तिसरा हिस्सा युनिट पुरे. माझे वजन ६८ किलो, सायकलीचे २२. दोघांना मिळून शंभर मीटर उंच चढवावयाचे तर निदान २५ वॅट-तास हवेत. वहीत तरी सायकल उत्तीर्ण झाली.

परतीचा रस्ता वहीसारखा सरळ नव्हता. पोवई नाक्यापर्यंत ठीक. पुढे राजवाड्याकडचा चढ लागला तशी मोटर गुणगुणू लागली, वेग मंदावला, आणि मलाही पायांनी चांगलाच हातभार लावावा लागला. पण उतरावे लागले नाही! जेथे जुनी सायकल हाताने ढकलीत नेत असे, तेथून मी बसून गेलो. दिवसभर चढ-उतारावर फिरून विजेरी संपली, तेव्हा काट्यावर तेवीस किलोमीटर होते. संपल्यावरची कहाणी निराळी: गिअर एकच, आणि बावीस किलोंचे ओझे शेवटच्या चढावर ढकलताना मला घाम फुटला. जिना चढवून ती वर न्यायची झाली तर दोन माणसे लागतील. शिवाय विजेरी वर्षागणिक थकत जाणार, आणि नवी घ्यावयाची वेळ आली की खिशाला मोठी चाट बसणार, हेही मी वहीत मांडून ठेवले.

दुसऱ्या दिवशी दुकानदाराला म्हणालो, "चाळीस नव्हेत, तेवीस." तो हसून म्हणाला, "गुरुजी, ते सपाटीवरचे." मी म्हणालो, "दुकान मात्र साताऱ्यात आहे." त्याने हजार रुपये कमी केले. पैसे मोजून दिले आणि पाय पलीकडे टाकून घरी आलो. आमच्या सौभाग्यवतींनी सायकलीला हळदकुंकू वाहिले, दोन पावले मागे सरून तिच्याकडे पाहिले, आणि विचारले, "ही तुम्ही स्वतःसाठी घेतलीत, की माझ्यासाठी?" आता सायंकाळी अंगणात त्यांचा अभ्यास चालू आहे.

परवा गोल बागेपाशी थांबलो होतो. शाळा सुटली होती. दोन मुले जवळ आली, एकमेकांना कोपराने ढोसले, आणि त्यांतला धीट मुलगा म्हणाला, "आजोबा, लेडीज सायकल?"

"होय," मी म्हणालो. "बसून पाहतोस?"

तो गडबडला. मग दप्तर मित्राच्या हाती देऊन बसला, आणि पहिल्याच पायडलला त्याचे डोळे विस्फारले. "बागेला एकच फेरी हं!" मी ओरडलो. त्याने तीन मारल्या. त्याचा मित्र दोन्ही दप्तरे सांभाळीत, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकीत माझ्याशेजारी उभा होता, आणि चौथी फेरी सुरू झालेली पाहून रडकुंडीस येऊन म्हणाला, "आजोबा, त्याला थांबवा ना! आता माझी पाळी आहे."