क्ष-दोष

बंदुकीची दारू आजही ग्रेनमध्ये तोलली जाते. ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा, जवाचा दाणा. असे सात हजार दाणे म्हणजे एक पौंड. आपल्याकडे सोनार ज्या गुंजेने सोने तोलत, त्या एका गुंजेत पावणेदोन ग्रेनहून किंचित अधिक वजन भरते. रायफलीच्या धूरविरहित दारूचे दंडगोल कण मात्र ग्रेनहूनही कितीतरी हलके. एकेकाचे वजन जेमतेम एका मिलिग्रॅमच्या आसपास. स्वतःची काडतुसे स्वतः भरणारा माणूस रात्री घरातली सगळी झोपल्यावर चिमट्याने असा एक कण तराजूच्या पारड्यात टाकतो, आकडा पाहतो, आणि पुन्हा काढून घेतो. अमेरिकेत आल्यापासून मीही हा उद्योग करत आलो आहे. हत्याराशी संबंध असलेल्या छंदाविषयी आपल्या घरांत जो संकोच असतो, तो मला परका नाही. पण येथे प्रश्न केवळ कागदावरच्या वर्तुळांचा आहे, आणि तो पुरेसा अवघड आहे.

मराठी वाचकाला रायफल नेमबाजी ठाऊक आहे ती अंजली भागवत, तेजस्विनी सावंत, आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवणारा स्वप्नील कुसळे यांच्यामुळे. स्वप्नीलची स्पर्धा पन्नास मीटरची. तिच्यातील पॉइंट टू-टू काडतुसाचा स्फोटक थर पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो, त्यामुळे ते पुन्हा भरता येत नाही. खेळाडूने करायचे एवढेच, की कारखान्याच्या निरनिराळ्या खेपा आपल्या रायफलीतून झाडून पाहायच्या आणि मानवेल ती खेप निवडायची. मी ज्या प्रकारात रमलो त्याला एफ-क्लास म्हणतात. उतारवयात नजर साथ देईनाशी झाली तरी खेळता यावे, म्हणून दुर्बीण आणि आधार वापरण्याची मुभा असलेला हा प्रकार कॅनडाच्या जॉर्ज फार्क्वार्सन यांनी सुरू केला. ‘एफ’ हे त्यांच्याच नावाचे अक्षर. अंतर हजार यार्ड, म्हणजे ९१४ मीटर. दहा गुणांचे वर्तुळ दहा इंच व्यासाचे, आणि त्याच्या आतले पाच इंचांचे. पॉइंट थ्री-झीरो-एट जातीची गोळी तेथवर पोहोचायला दीड सेकंदाहून अधिक वेळ घेते. तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षण तिला कित्येक फूट खाली ओढते, आणि दोन गोळ्यांच्या वेगात सेकंदाला अवघ्या दहा फुटांचा फरक असला, तरी त्या एकमेकींपासून अडीच-तीन इंच वरखाली पडतात. म्हणून सारा आटापिटा एकसारखेपणासाठी. दाबाची मर्यादा छापील पुस्तकांत दिलेली असते आणि तिच्याशी खेळायचे नसते. तिच्या आत राहून प्रत्येक काडतूस आधीच्यासारखेच करायचे.

या एकसारखेपणाला अंत नाही. वापरलेली पितळी पुंगळी धुवायची, तिची मान तापवून मऊ करायची, लांबी छाटायची, प्रायमरची खाच साफ करायची, मानेची जाडी सर्व बाजूंनी सारखी होईल अशी ती तासायची. पुंगळ्या वजनाप्रमाणे निवडायच्या, गोळ्या लांबीप्रमाणे. गोळी किती खोल बसवायची याचा हिशोब इंचाच्या हजाराव्या भागात. माझे शेजारी, यंत्रशाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध कारागीर, या कामातले माझे गुरू. त्यांच्या तळघरात पुंगळ्यांचे बावीस खण होते, प्रत्येकावर वजनाची चिठ्ठी. तेथे बोलणे बेताचेच होई. एखाद्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात चालते, तसे काम चाले.

आणि सोवळ्याच्या स्वयंपाकघरात पडतो तोच प्रश्न येथेही पडे: यांतले आवश्यक किती आणि आचार किती?

हा प्रश्न जुना आहे. मॅसॅच्युसेट्समधील मिलफर्डचे डॉ. फ्रँकलिन मान हे पेशाने वैद्य. कोंबड्यांच्या खाद्यासाठी हाडे चिरडणारे यंत्र बनवून त्यांनी पैसा केला, आणि आयुष्याची कित्येक वर्षे एकाच कोड्यापायी घालवली: सगळे सारखे असताना दोन गोळ्या एकाच भोकातून का जात नाहीत? माणसाचा हात आणि डोळा या गणितातून वगळावा, म्हणून त्यांनी भक्कम ओटा बांधून नळी त्यावर ठेवली. वाटेत कागदाचे पडदे लावून गोळी कोठे कलते ते पाहिले. १९०९ साली ‘द बुलेट्स फ्लाइट फ्रॉम पावडर टू टार्गेट’ हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकेक कारण वेगळे काढल्यावरही जी चूक शिल्लक उरे, तिला त्यांनी ‘एक्स-एरर’ म्हटले. आपण तिला क्ष-दोष म्हणू. गोळीचा, विशेषतः तिच्या बुडाचा असमतोल हे त्यातले मोठे कारण त्यांनी शोधून काढले. आजच्या कारखान्यांची उत्कृष्ट गोळी त्या शोधाची वारसदार आहे. मला मात्र त्यांचे मोठेपण उरलेल्या भागाला प्रामाणिकपणे अज्ञाताचे अक्षर देण्यात दिसते.

योगायोग असा, की त्याच्या आदल्याच वर्षी, १९०८ मध्ये, डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मितीगृहात काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी ‘स्टूडंट’ या टोपणनावाने एक निबंध छापला. थोड्याशा नमुन्यांवरून काढलेल्या सरासरीवर कितपत विसंबावे, हा त्याचा विषय. जवाच्या दाण्यांशी रोजचा व्यवहार असलेल्या माणसाला पडलेला हा प्रश्न ग्रेन तोलणाऱ्यांपर्यंत पोहोचायला मात्र फार काळ लागला. आमच्याकडे रीत अशी: दारूचे प्रमाण थोडेथोडे वाढवत न्यायचे, प्रत्येक प्रमाणाच्या तीन किंवा पाच गोळ्या झाडायच्या, आणि ज्या गोळ्या सर्वांत जवळजवळ पडल्या ते प्रमाण रायफलीला ‘आवडते’ म्हणायचे. गणित सांगते ते वेगळेच. ज्या काडतुसांचा पाच गोळ्यांचा गट सरासरीने एक इंचाचा येतो, तीच काडतुसे कसलाही बदल न करता कधी अर्ध्या इंचाचा, तर कधी दीड इंचाचा गट देतात. २०२२ साली हॉर्नडी या अमेरिकी कंपनीच्या तंत्रज्ञांनी हेच जाहीरपणे सांगितले, तेव्हा बराच गदारोळ उडाला. त्यात राग अधिक होता, प्रतिवाद थोडा.

मी एकदा पन्नास काडतुसे काटेकोर एकसारखी भरली आणि शंभर यार्डांवर दहा कागदांवर पाच-पाच झाडली. सर्वांत लहान गट सर्वांत मोठ्याच्या निम्म्याहूनही लहान आला. ते दहा कागद मी शेजाऱ्यांच्या टेबलावर क्रमाने मांडले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि क्षणाचाही विलंब न लावता तिसऱ्या-चौथ्या कागदावर बोट ठेवले. “हे प्रमाण धर. इथे नळी शांत झाली आहे.” दहाही कागदांमागे एकच प्रमाण आहे, असे मी सांगितले. ते बराच वेळ कागदांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तरी शनिवारी तू झाडणार काय, ते सांग.”

हा टोला नव्हता. त्यामागची अडचण खरी आहे. खात्री हवी तर गोळ्या पुष्कळ झाडाव्या लागतात, आणि प्रत्येक गोळीगणिक नळीचा घसा जळत, झिजत जातो. पॉइंट थ्री-झीरो-एटची नळी काही हजार गोळ्या टिकते. सिक्स-फाइव्ह-टू-एटी-फोरसारख्या तापट काडतुसाची हजाराच्या आसपासच दमते. दहा प्रमाणांची तुलना प्रत्येकी तीस गोळ्या झाडून करावी, तर उत्तर मिळेपर्यंत ज्या नळीविषयी ते उत्तर, तिचे एक तृतीयांश आयुष्य सरलेले. शिवाय वारा आहेच. ताशी एक मैलाचा आडवा वारा ओळखायचा राहिला, तर हजार यार्डांवर ही गोळी सुमारे नऊ इंच बाजूला जाते, म्हणजे सरळ दहाच्या वर्तुळाबाहेर. तो वारा दुर्बिणीत थरथरणाऱ्या मृगजळाच्या कलावरून वाचायचा असतो. चिमट्यातल्या त्या एका कणाने मात्र पाव इंचाच्या आसपासचाच फरक पडतो.

वेगमापक यंत्रावर ज्याचा परिणाम दिसतो, तेवढेच मी आता करतो. उत्तम गोळी, उत्तम नळी, मानेची सारखी पकड, दारूचे वजन. पुंगळ्या वजनाने निवडणे सोडले. कण मात्र अजून चिमट्याने टाकतो. त्याचे समर्थन मला करता येत नाही.

शेजारी दोन वर्षांपूर्वी मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेले. जाताना त्यांनी चौदा वह्या माझ्या स्वाधीन केल्या. प्रत्येक पानावर तीन-तीन गोळ्यांचे गट, जे पाहून कोणताही संख्याशास्त्रज्ञ मान हलवील. पण एकच प्रमाण त्यांनी १९८७ पासून वर्षानुवर्षे चालवले होते, आणि बिघडलेला एकही कागद फेकला नव्हता. लांब गेलेल्या गोळीपुढे बारीक अक्षरात ‘वारा’, ‘घाई’, कोठे नुसतेच प्रश्नचिन्ह. ती पाने एकत्र केली तर चारशेहून अधिक गोळ्यांची नोंद होते. एवढा मोठा नमुना माझ्या ओळखीत कोणाजवळ नाही. हिवाळ्यात मी ते आकडे संगणकात भरायला घेतले. नळ्या बदलल्या त्या तारखा वेगळ्या करून झाल्या आहेत, थंडी-उन्हाळ्याचेही झाले आहे. प्रत्येक पानाच्या उजव्या कडेला पुंगळीच्या खणाचा क्रमांक आहे, एक ते बावीस. त्या रकान्याची बेरीज मी अद्याप केलेली नाही. परवा फोनवर त्यांनी विचारले, वह्यांचे काय झाले? अकराव्या वहीपर्यंत आलो आहे, असे मी सांगितले.