आठ बाय बेचाळीस

आमच्या घरात खरेदीचा एक अलिखित नियम आजोबांच्या काळापासून चालत आला आहे. उपयोगाची वस्तू असेल तर ती टिकाऊ घ्यावी, शोभेची वस्तू घेऊच नये, आणि हौसेची घ्यावयाचीच झाली तर ती स्वस्तातली घ्यावी. आजोबा होळकर सरकारच्या दप्तरात कारकून होते. पगार बेताचा आणि घरात खाणारी तोंडे अनेक. त्यामुळे त्यांनी केलेला नियम त्यांच्या दृष्टीने योग्यच होता. पुढे पगार वाढले, तोंडे कमी झाली, तरी नियम मात्र तसाच राहिला. तो किती चुकीचा ठरू शकतो, हे मला वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी एका दुर्बिणीने शिकविले.

मध्यप्रदेश शासनाच्या जलसंसाधन विभागातून मी २०२१ साली सेवानिवृत्त झालो. सारी नोकरी धरणे, कालवे आणि तलाव यांच्या सहवासात गेली. पाण्याची पातळी, सांडव्याची उंची, गाळाचे प्रमाण हे सारे मी पाहिले; पाण्यावरचे पक्षी तेवढे पाहावयाचे राहून गेले. २०२२ साली आमच्या इंदूरचा सिरपूर तलाव आणि गंभीर नदीवरचा यशवंत सागर ही दोन्ही स्थळे रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत आल्याची बातमी वाचली आणि थोडी लाजच वाटली. पावसाळ्यात यशवंत सागरचे सायफन सुरू झाल्याची वार्ता मी वर्षानुवर्षे ऐकत आलो होतो. त्याच जलाशयाच्या काठी सारस पक्ष्यांच्या जोड्या राहतात, याची मला दखलही नव्हती. तेव्हा सकाळच्या फेरफटक्याचा मार्ग बदलला, मारुती चितमपल्ली यांचा पक्षिकोश ग्रंथालयातून आणला आणि दुर्बिणीचा विचार सुरू झाला.

आजोबांच्या नियमानुसार दुर्बीण हौसेच्या सदरात मोडत होती. राजवाड्यामागच्या फुटपाथवर एका विक्रेत्याने ती हाती दिली. वर मोठ्या अक्षरांत ‘२०x५०’ असे छापलेले, पुढच्या काचांना लालबुंद रंग. ‘‘भिया, चाँद तक दिख जाएगा,’’ तो म्हणाला. किंमत बाराशे. मी नऊशेला मागितली, हजारावर सौदा झाला आणि मी विजयी मुद्रेने घरी आलो.

त्याच डिसेंबरात ग्वाल्हेरहून माझी थोरली बहीण, आमची अक्का, आठ दिवसांसाठी आली. तिने चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकविले. रामायणाचा आरंभ शिकविताना क्रौंचवधाची कथा तिने किती वर्गांना सांगितली असेल, याची गणती नाही. वाल्मीकींचा क्रौंच म्हणजे सारसच, असे अनेक अभ्यासक मानतात, मतभेदही आहेत. अक्काच्या मनात मात्र शंका नव्हती. पण तिने स्वतः सारस कधी नीट पाहिला नव्हता. म्हणून एका सकाळी तिला यशवंत सागरला घेऊन गेलो.

सारस होते. पलीकडच्या काठाला, दोनशे-अडीचशे मीटरांवर, दोन उभ्या राखाडी रेघा. मी दुर्बीण डोळ्यांना लावली. रेघा मोठ्या झाल्या, पण थरथरू लागल्या. एका पक्ष्याचे दोन दिसू लागले. अक्काला जाड भिंगांचा चष्मा आहे. तिने चष्म्यावरून दुर्बीण लावली, मग चष्मा काढून लावली, चाक पुढे फिरविले, मागे फिरविले. बराच वेळ गेला. शेवटी दुर्बीण माझ्या हाती देत ती म्हणाली, ‘‘दिसले रे. छान दिसले.’’

तिला काही दिसले नव्हते, हे मला समजले. मला समजले आहे, हे तिलाही समजले असावे. परतीच्या वाटेवर आम्ही दोघे ग्वाल्हेरच्या थंडीविषयी बोलत राहिलो.

रात्री सौ. म्हणाली, ‘‘अहो, अशा तीन स्वस्त दुर्बिणी घेऊन झाल्या की चौथी चांगली घ्यालच ना? मग दुसरीच चांगली घ्या.’’ ज्या माणसाने नोकरीत न्यूनतम दराच्या निविदा मंजूर केल्या आणि त्यांतून झालेल्या कामांच्या दुरुस्त्याही पुढे स्वतःच केल्या, त्याला हे पत्नीने सांगावे लागावे, ही खेदाचीच गोष्ट. दहा हजारांची मर्यादा ठरली. निवृत्तिवेतनातून तेवढे निघणार होते, अधिक नाही. आता पैसे नव्हे, तर डोके खर्च करावयाचे होते.

आरंभ त्या दोन आकड्यांपासून केला. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. आठ बाय बेचाळीसच्या दुर्बिणीतून दोनशे मीटरांवरचा पक्षी पंचवीस मीटरांवर असल्यासारखा दिसतो. मग वीस पट का नको? कारण दुर्बीण पक्ष्याबरोबर आपल्या हातांचा कंपही तितक्याच पटीने वाढविते. आठ पटींपर्यंत हात साथ देतात, दहाला सवय लागते, आणि वीस पटींसाठी तिपाईच हवी. शिवाय पट वाढली की दिसणारा प्रदेश आक्रसतो. आठ पटींच्या चांगल्या दुर्बिणीतून हजार मीटरांवरचा सुमारे सव्वाशे मीटर रुंदीचा पट्टा दिसतो; उडता पक्षी शोधावयाचा तर ही रुंदी फार मोलाची.

दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागले की आणखी एक गुपित उलगडते. बेचाळीस भागिले आठ म्हणजे सव्वापाच. दुर्बिणीतून डोळ्याकडे येणारा प्रकाशाचा झोत इतक्या मिलिमीटरांचा असतो. तरुणपणी अंधारात आपली बाहुली सात मिलिमीटरांपर्यंत उघडते. साठीनंतर ती बहुधा पाचाच्या आतच राहते. म्हणजे आमच्यासारख्यांना सव्वापाच पुरेसे आहेत. त्याहून मोठ्या काचांचे वजन तेवढे मानेने वाहावयाचे.

तिसरी गोष्ट काचेची. आम्ही शिकत असताना जुन्या डंपी लेव्हलमधून पाहिले की पट्टी धरून उभा असलेला खलाशी डोके खाली, पाय वर असा दिसत असे. भिंगांनी उलटी केलेली प्रतिमा दुर्बिणीत सुलटी करतात ते आतले लोलक. इग्नाझिओ पोरो नावाच्या इटालियन माणसाने १८५४ साली अशा लोलकांच्या रचनेचे एकस्व घेतले. खांद्याशी रुंद असलेल्या जुन्या घाटाच्या दुर्बिणी त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. सरळ नळ्यांची दुसरी जात ‘रूफ’ लोलकांची. ती आटोपशीर असते, पण नेमकी बनविणे कठीण. म्हणून कमी किमतीत पोरोची दुर्बीण बहुधा अधिक स्वच्छ दिसते. लोलकाची काच पारखण्याची युक्ती सोपी आहे. दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करावी आणि मागच्या भिंगातली प्रकाशाची टिकली पाहावी. ती पूर्ण वाटोळी असली तर काच बहुधा ‘बॅक-४’ जातीची, उत्तम. कडा करड्या आणि कापल्यासारख्या चौकोनी दिसल्या तर हलकी. माझ्या हजार रुपयांच्या दुर्बिणीतली टिकली चक्क चौकोनी होती.

पुढच्या भिंगात ट्यूबलाइटचे प्रतिबिंबही पाहावे. ते मंद आणि हिरवट-जांभळे दिसले तर काचेवरचा लेप चांगला. पांढरेशुभ्र दिसले तर लेप नाहीच म्हणावयाचा. लालबुंद काचा पाहून भुलू नये. त्या तांबडा प्रकाश परतवून लावतात आणि पलीकडचे जग निळसर, निस्तेज करून दाखवितात. सारसाच्या लाल मानेसाठी ही दुर्बीण आणावी, याहून मोठा विनोद नाही.

चौथी गोष्ट माझ्या लेखी सर्वांत महत्त्वाची ठरली. मागच्या भिंगापासून डोळा किती अंतरावर ठेवला असता पूर्ण चित्र दिसते, ते अंतर मिलिमीटरमध्ये दिलेले असते. चष्मा असला की डोळा आपोआप मागे सरकतो. अंतर दहा-बारा मिलिमीटरच असेल तर चष्मेवाल्याला काळ्या कड्यात अडकलेले लहानसे वर्तुळ तेवढे दिसते. त्याला निदान पंधरा-सोळा तरी हवेत, आणि डोळ्यांकडच्या रबरी कडा खाली बसविता यावयास हव्यात. हे वाचले आणि त्या सकाळी काठावर चष्मा काढणारी-घालणारी अक्का डोळ्यांसमोर उभी राहिली. दोष तिच्या डोळ्यांचा नव्हता.

अखेर कॅमेऱ्यांच्या एका दुकानात गेलो. तीन नग काढावयास लावले, दुकानाबाहेर उभा राहून समोरच्या इमारतीचा कठडा पाहिला. दोन्ही नळ्या एका रेषेत नसतील तर सरळ कठडा दुहेरी दिसतो आणि कपाळ दुखू लागते. पोरोचा एक नग सुरेख होता, पण चष्म्याला त्याचे अंतर अपुरे पडत होते. म्हणून थोडी चमक कमी असलेली, सरळ नळ्यांची, सतरा मिलिमीटर अंतराची आठ बाय बेचाळीस घेतली. दहा हजारांना थोडी कमी पडली. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहूनच निवडावी. दुकानदाराने एक गोष्ट मात्र आपणहून शिकविली. आधी उजवी बाजू झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याचे चित्र स्पष्ट करावे. मग डावी झाकून, उजव्या भिंगाजवळचे कडे फिरवून उजव्या डोळ्याचे. दोन डोळ्यांतला फरक एकदा जुळला की पुढे चाक तेवढे फिरवावयाचे.

अक्का त्यानंतर २०२४ च्या जानेवारीत आली. गुडघे दुखत होते, म्हणून मोटारीतून घडीची खुर्ची नेली. काठावर ती बसली. मी आधीच कडा खाली बसविल्या आणि दुर्बिणीचा पट्टा तिच्या गळ्यात घातला. ‘‘चष्मा काढू नकोस,’’ एवढेच सांगितले. सारसांची जोडी होती आणि या वेळी मध्ये तांबूस डोक्याचे, आईबापांहून किंचित बुटके पिल्लूही होते. तिने चाक हळूहळू फिरविले आणि एके ठिकाणी तिचा हात थांबला.

पुष्कळ वेळ ती काही बोलली नाही. पलीकडे दोघांनी माना उंच करून एकदम साद घातली. आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. दुर्बीण खाली न घेताच ती म्हणाली, ‘‘बाळ, मागच्या खेपेला मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं रे.’’

‘‘ठाऊक आहे मला,’’ मी म्हणालो.

‘‘डोकं एवढं लाल असतं, हे मी मुलींना कधी सांगितलंच नाही,’’ ती म्हणाली, आणि पुन्हा पाहू लागली. ऊन चांगले वर आले तरी दुर्बीण तिने माझ्याकडे दिली नाही. मीही मागितली नाही.