ताकाओचा डोंगर आणि आपले भन्तेजी

हुडकेश्वर, नागपूर

प्रिय बाळास,


रविवारी रात्री तुझे फोटो आले आणि आत्याची झोपच उडाली. शिंजुकूहून रेल्वेने तासाभरात डोंगराचा पायथा, तिथून उभ्या चढाची केबल कार, देवळासमोर लांब नाकाच्या तेंगूची मूर्ती आणि तिच्याशेजारी तुम्ही तिघी मैत्रिणी. शेवटच्या फोटोत सोबा नूडल्सचे वाडगे, त्यावर किसलेला पांढरा, चिकट कंद. तो कंद कोनफळाच्याच कुळातला, हे तुला ठाऊक आहे का? आजी असती तर एका घासात ओळखलं असतं.

फोटोंखाली तू लिहिलंस, ‘मैत्रिणीने विचारलं, तुमच्या नागपुरात एक जपानी भिक्खू आहेत म्हणे, ते आमच्याकडचे कुठले? मला सांगता आलं नाही. संत्र्यांचं तेवढं सांगितलं.’ हे वाचून आत्या अंधारात बराच वेळ बसून राहिली. बाळा, ज्या डोंगरावर तू दिवसभर हिंडलीस, त्याच डोंगरावरून आपले भन्तेजी आले.

ताकाओ डोंगर 599 मीटर उंच. त्यावरचं याकुओ-इन देऊळ इ. स. 744 मध्ये ग्योकी नावाच्या भिक्खूने स्थापलं असं मानतात. ते शिंगोन पंथाचं. तिथे तू पाहिलास तो अग्निविधी म्हणजे ‘गोमा’; हा शब्द आपल्याच ‘होम’वरून तिकडे गेला. शिंगोन पंथ आपल्या गुरुपरंपरेत आचार्य नागार्जुनांना मानतो. हे लक्षात ठेव, पुढची सगळी गोष्ट या नावाशी जोडलेली आहे.

भदन्त आर्य नागार्जुन सुरई ससाई यांचा जन्म 1935 चा, ओकायामा प्रांतातला. तरुणपणी जगण्यालाच कंटाळलेल्या या माणसाला यामानाशीतल्या एका देवळाने आसरा दिला आणि पुढे ताकाओवर ते भिक्खू झाले. 1965 मध्ये थायलंड, तिथून भारत. राजगीरला जपानी भिक्खू फुजी गुरुजींच्या हाताखाली ते शांतिस्तूपाच्या कामात होते. तिथेच एका रात्री नागार्जुनांसारखी दिसणारी व्यक्ती स्वप्नात आली आणि ‘नागपूरला जा’ म्हणाली, अशी गोष्ट भन्तेजींनी सांगितली आहे.

जपानीत नागाला आणि ड्रॅगनला अक्षर एकच. नागार्जुन म्हणजे तिकडे ‘र्युजू’, ड्रॅगनवृक्ष. मग नागपूर हे त्यांच्या कानाला कसं लागलं असेल, विचार कर! बाबासाहेबांनीही 15 ऑक्टोबर 1956 च्या भाषणात नागपूर का निवडलं ते सांगताना नागलोकांचा आणि नाग नदीचाच दाखला दिला होता.

इथे त्यांना वामनराव गोडबोले भेटले. 14 ऑक्टोबर 1956 च्या दीक्षा समारंभाचं आयोजन करणारे ते हेच. त्यांच्याकडे बाबासाहेबांचा फोटो पाहून भन्तेजींना स्वप्नातला चेहरा ओळखू आला म्हणतात. मग इंदोऱ्याचा विहार हेच त्यांचं घर झालं. रामटेकजवळच्या मनसरच्या उत्खननासाठी ते झटले, बोधगयेचा महाबोधी विहार बौद्धांच्या ताब्यात यावा म्हणून 1992 पासून आंदोलनात उतरले. व्हिसाचा प्रश्न उभा राहिला तेव्हा इथल्या माणसांनी त्यांच्यासाठी सह्या गोळा केल्या, आणि 1980 च्या दशकाच्या अखेरीस ते भारताचे नागरिक झाले.

आता आत्याच्या मनातून न जाणारी एक गोष्ट. आत्या तिसरीत होती की चौथीत, ते नीट आठवत नाही. हुडकेश्वर म्हणजे तेव्हा नुसती वावरं. दसऱ्याच्या दिवशी आजीने पहाटे भाकरी थापल्या, हिरव्या मिरचीचा ठेचा केला आणि सगळे मानेवाड्याच्या वाटेने दीक्षाभूमीवर चालत निघाले. आजीच्या अंगावर पांढरं लुगडं. छप्पन साली बाबासाहेबांसमोर उभी राहताना नेसली होती तसंच, म्हणून ती दरवर्षी पांढरंच नेसायची. तेव्हा आजच्यासारखा स्तूप नव्हता, मोकळं मैदान आणि माणसंच माणसं. शेजारी काही जपानी पाहुणे बसले होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईला आजीने अर्धी भाकर दिली, वर ठेचा. तिने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कमरेतून वाकली. आजीही तशीच वाकली. मग ठेच्याने त्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं, तरी तिने भाकर संपवली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. त्या बाईची बोटं, नखांजवळच्या सुरकुत्या, भाकरीचा भाजलेला डाग, सगळं आत्याला आजही दिसतं. परवा तू लिहिलंस की तिकडे साधं बिलही दोन्ही हातांनी देतात, तेव्हा तीच बाई डोळ्यांपुढे उभी राहिली.

तू लहान असताना कामठीच्या ड्रॅगन पॅलेसमध्ये चंदनी बुद्धमूर्तीसमोर पायऱ्यांवर झोपली होतीस, आठवतं? नोरिको ओगावा या जपानी बाईंच्या दानातून आणि सुलेखाताई कुंभारे यांच्या प्रयत्नातून 1999 मध्ये ते मंदिर उभं राहिलं. सुट्टीत कोयासानलाही जा. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात 2015 पासून बाबासाहेबांचा पुतळा आहे. कोण, कुठले, असं कुणी विचारलं तर या वेळी गप्प बसू नकोस.

आणि रागवू नकोस, पण फोनवर तुझं अर्धं बोलणं आता मराठीत नसतं. आईला विचारलं तर ती म्हणते, कामाचा ताण आहे. असेल. पण जेवणाच्या वेळा सांभाळ, नुसत्या नूडल्सवर राहू नकोस, डाळ-भात लाव. भन्तेजींनी 1965 मध्ये देश सोडला तो 2009 मध्ये पहिल्यांदा परत गेले, 44 वर्षांनी. त्यांच्यापुढे फार मोठं काम होतं. तुला तर विमानाचं तिकीट काढायचं आहे फक्त. चार वर्षं झाली, बाळा.

येत्या दसऱ्याला ये. मैत्रिणीलाही आण. आत्या भाकरी थापेल, ठेच्यात मिरची थोडी कमी घालेल. आपण तिघी पहाटे मानेवाड्यावरून दीक्षाभूमीवर जाऊ, आणि मग इंदोऱ्याला. तुझ्या मैत्रिणीला तिथे ताकाओचं नाव सांगायला लाव.

नमो बुद्धाय, जय भीम.

तुझी,
आत्या