वही आणि कान

आम्ही मराठी शिकलो ती शाळेच्या बाकावर, पुस्तकातून. कन्नड शिकलो ती बाजारात, कानांनी. शिकण्याच्या या दोन रीतींतील अंतर आमच्या बोली-अभ्यासातही शिरले आहे, हे ध्यानी यायला मात्र बराच काळ जावा लागला.

सीमाभागातील बोली नोंदवायची ठरली तेव्हा आम्ही सर्वप्रथम प्रश्नावली छापून घेतली. ही पद्धत शास्त्रशुद्ध म्हणून निवडली, असे आम्ही सांगत असू. खरे कारण वेगळे होते. लिहिलेले तेवढेच आमच्या लक्षात राहते.

बेळगाव तालुक्यातील एका खेड्यात, एका आजींच्या ओसरीवर आम्ही विचारले, “‘तू काय करतो आहेस’ हे तुम्ही कसे म्हणता?” आजींनी पदर सावरला आणि शाळेतल्या बाईंसारखे स्वच्छ उत्तर दिले, “तू काय करत आहेस.” आम्ही ते चौकटीत उतरवले. तेवढ्यात परसात नातू दिसला आणि आजी ओरडल्या, “काय करूलास रे तिथं?” त्या वाक्याला आमच्या कागदावर जागाच नव्हती.

आमच्या सोबतचे स्नेही भजनी मंडळात ऐकून ऐकून शिकलेले. त्यांनी प्रश्न बाजूला ठेवून आजींना पेरणीच्या गप्पांत गुंतवले आणि तासभर ध्वनिमुद्रण केले. बोली तिथे सापडली. पण हे रूप गावात किती घरांत, कोणत्या वयाच्या तोंडी आहे, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. ते काम पुन्हा आमच्या वहीकडेच आले.

ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणातही मुख्य भर लेखी नमुन्यांवर होता. बायबलातील उधळ्या पुत्राच्या कथेचे बोलीबोलींतून भाषांतर आणि ठरावीक शब्द-वाक्यांची यादी हा त्याचा पाया. मराठीचा सातवा खंड 1905 मध्ये निघाला आणि आजही तो उपयोगी आहे. परंतु भाषांतर करणारा मनुष्य जपून बोलतो. उलट, गंपर्झ आणि विल्सन यांनी 1971 मध्ये सांगली जिल्ह्यातील ‘कुपवार’ गावाविषयी जे मांडले, ते रोजच्या बोलण्याकडे लक्ष दिल्यामुळेच. तिथल्या मराठी, कन्नड आणि उर्दूचे शब्द निराळे राहिले, पण वाक्यांची घडण एकमेकींजवळ आली होती.

असे कन्नड वळण आम्हांलाही ऐकू येत होते. ते आम्ही ‘अशुद्ध’ म्हणून समासात ढकलले. आमच्या मराठीपणाविरुद्ध कुणी त्याचा पुरावा करील, ही भीती त्यामागे होती. वहीची सवय आणि चळवळीची भीती यांनी मिळून आमच्याच माणसांची भाषा आमच्या नोंदीतून गाळली.

प्रत्येकाच्या ‘अध्ययनशैली’नुसार शिकवल्याने लाभ होतो, या मताला पुरेसा आधार नाही, असे 2008 मधील एका प्रसिद्ध मानसशास्त्रीय आढाव्याने दाखवले आहे. तेव्हा शैलीला प्रारब्ध समजू नये. ती सवय आहे, आणि सवय मोडता येते.

सर्वेक्षणाला निघणाऱ्या तरुण मित्रांना आमचे एवढेच सांगणे आहे: पद्धत निवडण्यापूर्वी आपण स्वतः कसे शिकतो ते तपासावे, आणि निराळ्या रीतीने शिकलेला एक सोबती अवश्य न्यावा. आम्ही त्या आजींकडे पुन्हा जाणार आहोत. या वेळी आधी ऐकू. वही घरी परतल्यावर उघडू.